माळा

आमच्या पुण्याच्या घरात एक खोली आहे. बिल्डरच्या कागदावर तिला 'स्टोअर' असं म्हटलेलं आहे. लांबी सात फूट, रुंदी सव्वासहा फूट. समोरच्या भिंतीला गजांची एक खिडकी. घर घेतलं तेव्हा आम्ही तिच्यात गव्हाची कोठी, जुन्या गाद्या, दिवाळीचा आकाशकंदील असं सगळं भरून ठेवलं होतं. पण २००६ साली मनू चौथीत गेली आणि एक दिवस तिनं वहीच्या कागदावर 'मनूची खोली' असं लिहून तो कागद त्या दाराला चिकटवून टाकला. तिच्या आईनं तो काढला नाही. मग मलाही काढता आला नाही.

खोली रिकामी केली तेव्हा कळलं, की पलंग ठेवला तर टेबल बसत नाही आणि टेबल ठेवलं तर पोरीनं झोपायचं कुठं? एका दुकानात मुलांसाठीचा उंच पलंग पाहिला. वर झोपायचं, खाली अभ्यासाचं टेबल. दुकानदारानं किंमत सांगितली, ती माझ्या पतसंस्थेतल्या दोन पगारांएवढी होती. शिवाय तो साडेसहा फुटी, म्हणजे आमच्या खोलीत आडवा बसणाराच नव्हता.

त्या महिन्यात नाना गावाहून आले होते. नाना म्हणजे माझे वडील. माण तालुक्यातल्या कोरडवाहू रानात त्यांचं आयुष्य गेलेलं. सुतारकी त्यांच्या घराण्यातली नव्हे, पण गावच्या सुतारतात्यांच्या कामठ्यावर बसून बसून त्यांनी हात साफ करून घेतला होता. औत, कुळव, खाटेचा गात, दाराची चौकट, अडलं तर सगळं करायचे. त्यांनी खोलीच्या दारात उभं राहून आत पाहिलं आणि म्हणाले, "ही खोली हाय का फडताळ?"

मी म्हणालो, "आहे त्यात बसवायचंय नाना."

"मग बाज घे की. सकाळी उठली की उभी करून भितीला लावायची. आपल्यात काय करत हुतो?"

खरंच होतं ते. आमचं गावचं घर दोन खणांचं आणि माणसं अकरा. पण जागा नाही असं कुणी म्हणाल्याचं मला आठवत नाही. वाकळा सकाळी गुंडाळून दांडीवर जायच्या. बाज उभी राहायची. पाळणा तुळईला टांगलेला. दिवा कोनाड्यात, कपडे खुंटीवर, धान्य बळदात आणि भाकरीची टोपली शिंक्यात. जमीन मोकळीच. तिच्यावर दिवसा निवडटिपण, दुपारी जेवण, संध्याकाळी आमचा अभ्यास आणि रात्री अंथरुणं. एकच जागा दिवसातून चार वेळा खोली बदलायची.

पण मनूला टेबल कायमचं हवं होतं. आणि बाज रोज उभी केली तर ती दाराच्या पाखावरच येत होती. मी दुकानातल्या पलंगाचं चित्र कागदावर काढून नानांना दाखवलं. चार खांब, वर फळ्या, बाजूला शिडी.

"म्हणजे आपला माळाच की हो," मी हसत म्हणालो.

नानांनी कागद हातात घेतला, पाहिला आणि परत दिला. "वर नगं," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं ते गावाला निघून गेले. अजून चार दिवस राहणार होते.

बायको म्हणाली, "मामांना काही बोललात का तुम्ही?" मी काहीच बोललो नव्हतो. पण बोलायला नको ते बोलून गेलो होतो.

ज्यांनी शाळूचं रान पाहिलं नाही त्यांना माळा म्हणजे काय ते सांगायला हवं. आमच्याकडे ज्वारी रब्बीची, मालदांडी. पौष-माघात कणसं दुधात आली, हुरड्याला आली, की पाखरांच्या धाडी सुरू. चिमण्या, राघू आणि सगळ्यात वाईट म्हणजे भोरड्या. भोरड्या थव्यानं येतात. आभाळात काळं फडकं झटकल्यागत दिसतं आणि ते फडकं रानात उतरलं की अर्ध्या घटकेत कणसाचं बुरकांड उरतं. म्हणून रानाच्या मध्यावर माळा घालायचा. बाभळीच्या बेचक्या असलेल्या चार मेढी जमिनीत पुरायच्या, बेचक्यांत आडवी लाकडं टाकायची, त्यावर तुराट्या आणि कडबा. चढायला एखादं फांद्यांच्या खुंट्या ठेवलेलं खोड तिरकं लावायचं. वर उभं राहून गोफण फिरवली की चारी बांध नजरेच्या टप्प्यात. भोरड्या दिस उगवायलाच येतात, त्यामुळे राखण्या रात्रीच माळ्यावर झोपतो.

१९८० सालच्या सुगीत मी नऊ वर्षांचा होतो आणि नानांबरोबर माळ्यावर झोपायला जायचो. तीन बाजूंना नानांनी कमरेएवढे आडवे दांडे बांधलेले होते. चौथी बाजू चढायची, ती उघडी होती. आई एकदा डबा घेऊन आली तेव्हा म्हणाली, "ह्या बाजूला कायतरी बांधा की. पोरगं लोळतंय झोपेत." नाना म्हणाले, "सांच्याला बांधतो."

त्या संध्याकाळी पाटाचं पाणी आलं. दुसऱ्या संध्याकाळी बैलाच्या पायात काटा भरला. तिसऱ्या दिवशी पहाटे नाना धारा काढायला घरी गेले आणि मी माळ्यावर एकटा झोपून राहिलो. जाग आली ती भोरड्यांच्या कलकलाटानं. दचकून उठलो, गोफण उचलली आणि पाऊल टाकलं ते वाऱ्यावर.

डाव्या हाताचं कोपर गेलं. तालुक्याला दवाखाना होता, पण सुगीच्या दिवसांत घरात पैसा नव्हता आणि शेजारच्या गावचा हाडवैद्य नावाजलेला होता. त्यानं ओढून बसवलं, बांबूच्या कामट्या बांधल्या, वर कसलासा लेप दिला. दीड महिन्यानं कामट्या सोडल्या तेव्हा हात पूर्वीसारखा वळत होता, पण पुरता सरळ होत नव्हता. आजही होत नाही. कोयत्यासारखा थोडा वाकडाच राहतो.

काम अडलं नाही त्यानं. मी मोट सोडून सगळं केलं. पण आमच्या सातारा जिल्ह्यात पोरगं अठराचं झालं की त्याला एक वाट ठरलेली, मिलिटरी. १९८९ साली मीही भरतीला गेलो. पळण्यात पुढच्या दहात आलो. छाती बसली, उंची बसली. मग एका साहेबानं रांगेतल्या सगळ्यांना दोन्ही हात समोर ताठ करायला सांगितलं. माझ्यासमोर तो थांबला, कोपराला दोन बोटं लावून पाहिली आणि दाराकडे हात केला.

बाहेर नाना भाकरीचं फडकं घेऊन बसले होते. मी म्हणालो, "हात." ते काही बोलले नाहीत. येताना एसटीत आम्ही एका बाकावर दीड तास बसून होतो. भाकरी तशीच घरी परत आली.

त्यानंतर मी कॉलेज केलं, पुण्याला आलो, पतसंस्थेत चिकटलो. वाईट झालं असं मला कधी वाटलं नाही. माझ्याबरोबर भरती झालेले सुभेदार होऊन गावी परतले, मी इथं क्लार्कचा हेडक्लार्क झालो. पण नाना आणि माझ्यात त्या हाताचा विषय कधी निघाला नाही. सव्वीस वर्षं. नाना घरात असले की मी पूर्ण बाह्यांचा सदरा घालायचो, एवढंच.

आणि त्याच माणसाला मी हसत म्हणालो होतो, आपला माळाच की हो.

नाना गेल्यावर आठ-दहा दिवसांनी गावाहून फोन आला. रामराम नाही, खुशाली नाही. नाना म्हणाले, "गादी किती जाड हाय?"

"कसली गादी?"

"पोरीची. माळ्यावर टाकणार ती."

मी उठून मोजून आलो. "चार इंच."

"म्हंजे कठडा फळीपासनं न्हाय, गादीपासनं धराय पायजे," नाना म्हणाले. "तू काढलावतास त्यात आठ इंच हुता. गादी टाकल्याव चारच ऱ्हातो. त्यानं काय हुतंय? सोळा इंच कठडा. बारा वर ऱ्हाईल. आन् उंची पाच फूट. त्याच्यावर एक बोट न्हाय."

मला सहा फूट हवी होती, म्हणजे खाली मोठ्या माणसालाही उभं राहता आलं असतं. मी तसं म्हणालो. नाना म्हणाले, "उभं ऱ्हायाला बाकीचं घर हाय की." हिशेबानंही तेच बरोबर निघालं. छत साडेनऊ फुटांवर. पाच फुटांवर फळी, वर चार इंच गादी, तर डोक्यावर चार फूट दोन इंच उरत होते. पोर मोठी झाली तरी अंथरुणात ताठ बसू शकली असती. सहा फुटांवर केला असता तर डोक्यावरची जागा फूटभर कमी झाली असती.

लाकूड विकत आणायचं नव्हतं. आदल्याच वर्षी आमचं जुनं माळवदाचं घर पाडून भावानं स्लॅबचं बांधलं होतं. पांढऱ्या मातीचं ते धाबं उतरवलं तेव्हा आतल्या कडुनिंबाच्या तुळया जशाच्या तशा निघाल्या. पणजोबांच्या हातच्या. कडुनिंबाला सहसा कीड धरत नाही. बाकीचं सरपण झालं, पण तुळया नानांनी गोठ्यात रचून ठेवल्या होत्या. कशाला, ते तेव्हा त्यांनाही सांगता आलं नसतं.

त्या कापायला वखारीत नेल्या, तर वखारवाला हात लावीना. जुन्या लाकडात मोडका खिळा राहिला की त्याच्या करवतीचं पातं जातं. मग नाना पक्कड आणि पहार घेऊन बसले. शंभर वर्षांत त्या तुळयांना कुणी पाळणा टांगला होता, कुणी शिंकं, कुणी कंदील, कुणी लग्नातलं तोरण. ते सगळे खिळे, आकडे, कड्या नानांनी तीन दिवस बसून उपसल्या. डबाभर निघाल्या. मग तुळया चिरून आल्या. तीन इंची चौरस चार खांब, पाच इंची पट्ट्या आणि वरच्या फळ्या.

तात्या सुतार तेव्हा थकले होते, पण पटाशीवरचा हात थरथरत नव्हता. दोघा म्हाताऱ्यांनी गोठ्यात दुकान मांडलं. खांबांना चौकोनी भोकं पाडली, पट्ट्यांची टोकं तासून त्यांत बसवली आणि टोकाला आरपार पाचर. बैलगाडीच्या साटीला असते तशी. खिळा एकही नाही. पुण्याला जिना वळणाचा आहे हे नानांच्या ध्यानात होतं. पाचर काढली की सगळं सुटं झालं पाहिजे. फळ्यांमध्ये बोटभर फट ठेवली, गादीला वारा लागावा म्हणून. मजुरी विचारली तर तात्या म्हणाले, पैसे नकोत, शाळू दे. मग दोन पायली कमी अर्धं पोतं शाळू त्यांच्या घरी गेला.

सगळं जुळवून झाल्यावर नानांनी त्या माळ्यावर शाळूची दोन पोती चढवली. दोन क्विंटल. रात्रभर तशीच ठेवली. सकाळी खांबांना कान लावून पाहिला, पाचरा चाचपल्या. मग भावाला म्हणाले, "आता टेम्पो बघ."

मार्केट यार्डात कांदा घेऊन येणाऱ्या एका टेम्पोत पोत्यांच्या वर लाकडं बांधून नाना दिवे घाट उतरून पहाटे हडपसरला आले. लाकडाला कांद्याचा वास होता, तो पुढं पंधरा दिवस गेला नाही.

जुळणी करताना पहिली चूक माझी निघाली. खोलीची रुंदी मी छातीच्या उंचीवर टेप धरून मोजली होती, सव्वासहा फूट. पण भिंतीच्या बुडाला फरशीची अर्धा इंचाची पट्टी दोन्ही बाजूंनी बाहेर आलेली. सहा फूट दोन इंचांचा सांगाडा खाली टेकेचना. मला घाम फुटला. नानांनी पटाशी काढली आणि चारी खांबांच्या पायांना त्या पट्टीएवढ्या खाचा मारल्या. खांब पट्टीवर चढून भिंतीला असा बसला, की जणू फरशी त्याच्यासाठीच लावली होती. "भिंत सरळ हाय असं कुनी सांगितलं तर खरं मानायचं न्हाय. दोन ठिकाणी मोजायचं, बुडाला आन् वर," एवढं बोलून ते पुढच्या कामाला लागले.

दुसरी चूक आम्हा दोघांचीही. माळा उभा राहिला, शिडी लागली. शिडीच्या पायऱ्या गोल दांड्यांच्या नव्हत्या, तीन इंची सपाट होत्या, पोरीच्या तळव्याला रुतू नयेत म्हणून. आम्ही कौतुकानं पाहत होतो. चहा घेऊन आलेली बायको दारात थांबली आणि वर पाहून म्हणाली, "आणि पंखा?"

छताचा पंखा बरोबर कठड्याच्या समोर फिरत होता. गादीवर उभं राहून पोरीनं हात केला असता तर थेट पात्यात. नाना मटकन खालीच बसले. "माझ्या रानात पंखा नव्हता गं पोरी," असं काहीतरी पुटपुटले. मी त्याच संध्याकाळी वायरमन आणून पंखा उतरवला आणि दाराच्या बाजूला भिंतीवरचा लहान पंखा जाळीसकट बसवून घेतला. ते होईपर्यंत नानांनी मनूला पायरीवर पाऊल ठेवू दिलं नाही.

कठडा तीन बाजूंना होता. मी म्हणालो होतो, मागं भिंतच आहे, तिथं कशाला? तर म्हणाले, मागं खिडकी हाय. कठड्याच्या दोन दांड्यांमधली फट त्यांनी स्वतःची मूठ घालून ठरवली होती. मूठ जाईल, डोकं जाणार नाही. राहिली शिडीची जागा. तेवढी दीड हात मोकळी होती. मोकळी असणारच, तिथूनच चढायचं.

रात्री जेवणं झाल्यावर नानांनी गोणपाटात गुंडाळलेलं एक लाकूड काढलं. वापरून वापरून गुळगुळीत झालेलं, काळंभोर. मी ओळखलं. आमच्या जुन्या घराच्या दाराचा अडसर. रात्री सगळे आत आले की आजी तो भिंतीतल्या भोकातून ओढून दारामागं आडवा लावायची. त्याचा 'खर्र' आवाज आला की आम्हाला झोप यायची. त्याचाच एक तुकडा नानांनी कापून आणला होता. शिडीच्या दोन्ही बाजूंच्या खांबांना त्यांनी आधीच भोकं पाडून ठेवली होती, मला दिसली नव्हती. त्यांतून त्यांनी अडसर सरकवला. खर्र. शिडीची जागा बंद झाली.

दोनदा काढून घालून पाहिला. मग माझ्याकडे पाठ करून, त्या लाकडावर हात फिरवत म्हणाले, "सांच्याला बांधतो म्हनलो हुतो."

मी काय बोलणार? मी पुढं होऊन दुसऱ्या बाजूनं अडसर धरला आणि म्हणालो, "थोडा घट्ट होतोय नाना. मेण लावू." गरमीचे दिवस होते, माझ्या अंगात बिनबाह्यांचा बनियन होता. नानांनी माझ्या कोपराकडे पाहिलं आणि मी हात मागं घेतला नाही.

त्या रात्री मनू वर झोपली. नानांनी हॉलमधलं अंथरूण उचललं आणि टेबलाशेजारी जमिनीवर टाकलं. मी दोनदा पाणी प्यायला उठलो. दोन्ही वेळा ते जागे होते, माळ्याकडं तोंड करून. पहाटे मात्र घोरण्याचा आवाज आला. सकाळी मनू अडसर काढून शिडीवरून खाली आली ती त्यांच्या पोटावर पाय देऊनच. "आजोबा, तुम्ही माझ्या दारात का झोपलात?" असं तिनं विचारलं. नाना म्हणाले, "राखनीला."

मनू त्या माळ्यावर बारावीपर्यंत झोपली. तिनं खांबांवर स्टिकर चिकटवले, कठड्याला ओढण्या वाळत घातल्या, परीक्षेच्या दिवसांत अडसर लावून खाली उतरायलाच नकार दिला. नाना २०१५ साली गेले. पुढं मनू शिकायला बाहेर पडली आणि मी एका रविवारी पाचरा ठोकून काढल्या. अर्ध्या तासात सगळं सुटं झालं. एक तुकडा फुटला नाही, एक खाच झिजली नव्हती. लाकडं बांधून परत गावी भावाकडे पाठवली.

गेल्या पावसाळ्यात पुतण्याचा फोन आला. त्याचा मुलगा आता शाळेत जायला लागलाय. स्लॅबच्या घरातही खोल्या लहानच. त्यानं गोठ्यातली लाकडं काढली होती, जुळवतही आणली होती. मी विचारलं, अडसर सापडला का? म्हणाला, सापडला, पण तो कशाचा ते कळलं नव्हतं. मी सांगितलं. मग तो म्हणाला, "काका, गादी आणायला चाललोय. किती जाड घेऊ?"

"चार इंच," मी म्हणालो. "त्याहून जाड नको. आणि वर पंखा आहे का ते बघ आधी."